कापूस दाबला जाते, मंग तो स्थायू कसा? (सातवीच्या पोरीचा प्रश्न)

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. मी घाटंजीकडचा, जिल्हा यवतमाळ. कोरडवाहू शेती, पऱ्हाटी (म्हणजे कापूस) अन् तूर. माहं शिक्षण बारावी, तेही आर्ट्स, म्हणून इथं इचारतो.

पोरगी सातवीत हाय. परवा तिनं वहीत लिहून आणलं: स्थायूले ठरावीक आकार असते, ठरावीक आकारमान असते, अन् तो दाबला जात नाही. द्रवाले आकारमान असते पण आकार नसते, ज्या भांड्यात टाकाल त्याचा आकार घेते. वायूले दोन्ही नसते, अन् तो दाबला जाते. पाठ झालं, वही मिटली अन् गेली मागच्या खोलीत. तिथं आमचा कापूस भरून हाय, पार आढ्यापर्यंत, भाव वाढायची वाट पाहत. दरवर्षीसारखी मारली उडी. कमरेपर्यंत आत गेली अन् तिथूनच ओरडली, "बाबा, हे तर दाबलं जाते! मंग हे स्थायू कसं?"

मी म्हटलं आधी बाहेर निघ, रात्रभर अंग खाजवत बसशीन. पण उत्तर काही माह्यापाशी नव्हतं.

जेवताना दुसरा प्रश्न. तूर कट्ट्यात (पोत्यात) ओतली की कट्ट्याचा आकार घेते, गुंडात (घागरीत) ओतली की गुंडाचा. मंग तूर द्रव का? अन् तिसरा तिच्या आईनं काढून देला. शिलिंडर संपत आलं की हलवून पाहतो, आतमधी डुबुकडुबुक वाजते. नाव गॅस अन् आत पाणी?

शाळेत इचारलं तर "परीक्षेत पुस्तकातलं लिही" असं उत्तर भेटलं. ते तर ती लिहीनच. पण तिच्या डोक्यातलं काढाचं कसं? सोप्या भाषेत कोणी सांगीन का?

नागपुरी_संत्रा

भाऊ, एकदम सोपं हाय. कापूस म्हणजे अर्धा स्थायू अन् अर्धा वायू. दाबला की वायू पळून जाते. पोरीले सांगा अन् वेचणीले पाठवा, सगळं विज्ञान समजते मंग.

प्रेसवाला_हिंगणघाट

मास्तर लोक सांगतीलच, मी फक्त जे रोज पाहतो ते लिहितो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करायच्या कारखान्यात, गाठी बांधायच्या प्रेसवर आहे.

क्विंटलभर कापूस आला की त्यातून ३४-३५ किलोच्या आसपास रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, बाकी सरकी अन् थोडी घट. रुई प्रेसच्या पेटीत पडते. पेटी भरली की खालून-वरून दट्ट्या चालतो. सुरुवातीला तो असा सरसर जातो की समोर काही आहेच नाही असं वाटावं. तेव्हा पेटीच्या फटींतून हवा फुसफुसत बाहेर येते, सोबत बारीक धूळ अन् तंतू. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहवत नाही. मग दट्ट्या मंदावतो. शेवटी शेवटी पंपाचा काटा भराभर चढतो, पण दट्ट्या बोटभर सरकायला कुंथतो. त्याच्यापुढे जोर लावला तर मशीन मोडेल, रुई काही दबणार नाही.

एक गाठ १७० किलोची. दट्ट्या लावलेला असतानाच पट्ट्या बांधाव्या लागतात. नाही तर सोडल्याबरोबर गाठ पुन्हा फुगते. गाठ उघडताना पट्टी कापणाऱ्यानं समोर उभं राहायचं नाही हे आमच्याकडे नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. पट्टी सटकन येते, डोळा जाईल.

पोरीला घेऊन या कधी, सीझन चालू आहे तोवर. पण पेटीपासून लांबूनच दाखवीन.

निवृत्त_गुरुजी

प्रेसवाले भाऊ, तुम्ही वर्गात असते तर माझे बरेच तास वाचले असते. दट्ट्या आधी सरसर जातो अन् मग कुंथतो, यातच उत्तर आलं. ते फक्त उलगडून सांगतो. आर्वीकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य गेलं. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, अन् किल्ली कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नसायचं. त्यामुळे सांगणार ते घरातल्या वस्तूंवरच.

पऱ्हाटीवाले भाऊ, पोरीचा प्रश्न फार नेमका आहे. वहीतलं वाक्य बरोबर आहे, पण ते पदार्थाबद्दल आहे. ती ज्यात बुडली तो पदार्थाचा ढीग होता. कापसाचा एक तंतू घ्या. त्याला त्याचा आकार आहे, तो चिमटीत धरून कितीही दाबा, वाकेल, वळेल, पण बारीक होणार नाही. ढिगात असे कोट्यवधी तंतू आडवेतिडवे पडलेले, अन् त्यांच्या मधल्या जागेत हवा. आपण दाबतो तेव्हा तंतू वाकून एकमेकांजवळ येतात अन् हवा बाहेर पडते. दट्ट्या सरसर जातो तेव्हा हवा निघत असते. तो कुंथायला लागतो तेव्हा तंतूला तंतू भिडलेला असतो. पट्टी कापल्यावर गाठ फुगते ती वाकलेले तंतू सरळ व्हायला पाहतात म्हणून. हवा त्यांच्या मागून आत शिरते.

आता हिशेब. कापसाचा तंतू म्हणजे बहुतेक सगळा सेल्युलोज, त्याची घनता पाण्याच्या साधारण दीडपट. १७० किलो भागिले दीड, म्हणजे ११३ लिटर. डिझेलचा २०० लिटरचा ड्रम असते ना, अख्ख्या गाठीतले निव्वळ तंतू त्याच्या निम्म्याहून थोडेच वर येतील. पोरीला घेऊन जाल तेव्हा सोबत टेप न्या. गाठीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा, गुणाकार करून हजारानं गुणा, लिटर निघतील. त्यातून ११३ वजा करा. उरते ती हवा, अन् तीही एवढ्या दाबून बांधलेल्या गाठीत! मग मागच्या खोलीतल्या मोकळ्या कापसात किती असेल? पोरगी कमरेपर्यंत बुडते ती बहुतेक हवेतच. म्हणून नागपुरी भाऊंची गंमत अर्धी खरी आहे. फक्त "कापूस अर्धा वायू" म्हणू नका. कापूस पूर्ण स्थायू, हवा पूर्ण वायू, दोघं एका खोलीत राहतात एवढंच.

पाण्यापेक्षा दीडपट जड, मग कापूस पाण्यात बुडायला हवा ना? हे पोरीला करून पाहू द्या. घरचा कापूस घ्या, सरकी काढून टाका, बोंडाएवढा पुंजका पाण्यावर ठेवा. तरंगेल, तासभर तरंगेल. मग मेडिकलमधला दवाखान्याचा कापूस घ्या, तेवढाच पुंजका, अलगद ठेवा. काही सेकंदांत ओला होऊन तळाशी जाईल. दोन्ही कापूसच. घरच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा पातळ थर असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही, हवा अडकून राहते. दवाखान्याच्या कापसातून तो थर कॉस्टिक सोड्यात उकळून काढलेला असतो. पाणी आत शिरतं, हवा बुडबुडे होऊन निघते, अन् राहतो नुसता तंतू, जो पाण्यापेक्षा जड आहे. माझ्या वर्गात या प्रयोगाला पोरं बाकावर चढायची.

खरोखर दबणारा पदार्थ पाहायचा तर हवा कोंडावी लागते. बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणा. १० पर्यंत हवा भरा, टोकाला बोट घट्ट दाबा, दट्ट्या रेटा. ५ पर्यंत सहज जाईल, सोडला की परत येईल. इथं हवा कुठेही पळालेली नाही, तीच हवा कमी जागेत बसली. रॉबर्ट बॉइलनं हेच मोजून १६६२ साली नियम मांडला: तापमान तेच असेल तर दाब दुप्पट केल्यावर आकारमान निम्मं. आता तीच सिरिंज पाण्यानं भरा. आत बुडबुडा राहू देऊ नका. नर्सबाई जशी टिचकी मारून काढते तसा काढा, नाही तर पोरगी म्हणेल पाणीही दबलं. पुन्हा रेटा. अंगठा दुखेल, दट्ट्या जागचा हलणार नाही.

कारण कणांमधल्या अंतरात आहे. वायूचे कण एकमेकांपासून लांब, मोकळे पळत असतात, म्हणून जवळ आणता येतात. द्रवाचे कण आधीच चिकटून, पण एकमेकांवरून घसरू शकतात, म्हणून पाणी वाहतं. स्थायूचे कणही चिकटून, अन् जागाही पक्की. पुस्तकातल्या तिन्ही व्याख्या यातूनच येतात. एवढं एक समजलं की पाठांतराची गरज उरत नाही असं माझं मत, परीक्षा घेणाऱ्यांचं नसेल.

अन् "दाबला जात नाही" हेही पुस्तकानं जरा ताणलेलंच आहे. पाण्यावर वातावरणाच्या शंभरपट दाब दिला तर तेही अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. "जवळजवळ" हा शब्द घालायला काय हरकत होती?

तुरीचं झटपट सांगतो. एक दाणा ताटात ठेवा, तो ताटाचा आकार घेतो का? नाही. दाणे घरंगळतात म्हणून कट्ट्यात नीट बसतात, पण खळ्यात ओतले की रास होते, उतरता ढीग. पाण्याची रास कोणी पाहिली आहे? लोटाभर तुरीत मोजून पाणी ओता, लोट्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी सहज मावेल. ती दाण्यांमधली मोकळी जागा. चटकन करा, तूर फुगायला लागते. वाळूचं, साखरेचं, पिठाचं उत्तर हेच.

शिलिंडर: आत खरंच द्रव आहे. प्रोपेन अन् ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली द्रव करून भरलेले असतात, घरच्या टाकीत १४.२ किलो. ब्युटेन साध्या दाबाला शून्याच्या जरा खाली उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना, म्हणून आपल्या हवेत ते वायूच. टाकीत मात्र द्रवाच्या वर थोडी मोकळी जागा असते, तिथं वायू साठून त्याचाच दाब द्रवावर बसतो. शेगडी लावली की वरचा वायू निघतो, दाब थोडा उतरतो, खालचा द्रव उकळून तो भरून काढतो. उकळायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून घेतली जाते. लग्नाच्या पंगतीला मोठ्या शेगडीवर तासन् तास भात शिजत असला की टाकी थंड पडून तिला बाहेरून घाम फुटतो तो यामुळे. पोरीला द्रव डोळ्यांनी दाखवायचा असेल तर पानठेल्यावरचा पारदर्शक लायटर दाखवा, त्यातही ब्युटेनच असतो. टाकी मात्र आडवी करू नका, हलवायची सवयही मोडा.

पशुधन_ताई

गुरुजी, वायू दाबून द्रव होतो तसा थंड करूनही होतो, आणि तो पाहायला आमच्या दवाखान्यात या! गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या आम्ही द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. तापमान उणे १९६ अंश. बाहेर मे महिन्यात ४५ असो, भांड्यात उणे १९६च.

झाकण काढलं की पांढरा धूर खाली सांडतो. गावातली मुलं म्हणतात, "ताई, गॅस निघाला." नायट्रोजनला रंग नसतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो ७८ टक्के आहे, कधी दिसला का? तो पांढरा धूर म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा धूर दाट, उन्हाळ्यात विरळ.

भांड्यात द्रव किती उरला हे डोकावून कळत नाही. आम्ही एक काळी पट्टी तळापर्यंत बुडवतो, थोडं थांबून बाहेर काढतो आणि हवेत हलवतो. जेवढी पट्टी द्रवात होती तेवढीवर पांढरं दव गोठतं. त्या पांढऱ्या रेघेवरून वाचायचं. मुलांना हे फार आवडतं, रेघ त्यांच्यासमोर उमटते.

झाकण कधीच हवाबंद नसतं. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, बंद केलं तर भांडं फुटेल. आणि बंद खोलीत हा वायू जास्त झाला तर प्राणवायूची जागा घेतो, म्हणून आम्ही खिडकी उघडी ठेवतो. हात लावायचा प्रश्नच नाही, चामडी जळल्यासारखी होते. लांबून दाखवेन.

नागपुरी_संत्रा

ताई, मंग कापराचं काय? डबीतला कापूर महिनाभरात बारीक होते, अन् आरतीतला तर एका मिनटात गायब. दोन्हीले संप्लवन म्हणाचं का?

निवृत्त_गुरुजी

नाही हो. डबीतला कापूर स्थायूतून थेट वायू होतो, ते संप्लवन. तो कापूरच राहतो, डबीच्या झाकणाला आतून कधी पांढरे खडे चिकटलेले दिसतात ते तोच परत स्थायू झालेला. आरतीतला जळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाणी अन् काजळी होते, तिथून कापूर परत मिळत नाही. परीक्षेत हा फरक विचारतात अन् निम्मा वर्ग इथंच पडतो. फिनाइलच्या गोळ्या कपाटात बारीक होतात तेही डबीतल्या कापरासारखंच.

पऱ्हाटीवाला

गुरुजी, ताई, प्रेसवाले भाऊ, सगळ्यायचे लय आभार.

काल रात्री कापसाचा प्रयोग केला. बायकोनं ताट-वाट्या काढून देल्या, आजी समोर बसून. घरचा कापूस तरंगला तो तरंगलाच, सकाळी उठून पाहलं तरी वरच. आजी म्हणे बुडवून पाह्य. पोरीनं बोटानं दाबून खाली नेला, सोडला की टुणकन वर. दवाखान्याचा ठेवला, तो आधी काळपट झाला, दोन-तीन बुडबुडे सोडले अन् गेला खाली. आजीले वाटलं मेडिकलवाल्यानं फसवलं, कापूसच नाही हा. तिले समजावता समजावता पोरीचा सगळा धडा पाठ झाला.

सिरिंजचं तिनं शाळेत नेऊन दाखवलं. आता दोस्तिणी सिरिंज मागून राहल्या, मेडिकलवाला इचारते एवढ्या कायले.

पण आता नवीन काढलं. आमच्या फाट्यावर डांबराचा रस्ता हाय. उन्हाळ्यात चप्पल चिकटते, डांबर कडेले ओघळते. आता थंडीत त्याच रस्त्याचा सुटलेला तुकडा दगडानं फोडला तर खापरासारखा फुटते. म्हणते, "बाबा, हे कोणत्या रकान्यात लिहू?"

निवृत्त_गुरुजी

तिला सांगा, या रकान्यासाठी एका प्राध्यापकानं १९२७ साली प्रयोग मांडला अन् तो अजून संपलेला नाही. ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड विद्यापीठ, प्राध्यापक थॉमस पार्नेल. डांबरासारखाच काळा घट्ट पदार्थ, हातोडीनं मारला तर तुकडे होणारा. त्यांनी तो तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला, तीनएक वर्षं बसू दिला अन् १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. मग वाट पाहायची. पहिला थेंब पडायला आठ वर्षं लागली. पार्नेल वारले, प्रयोग दुसऱ्यांनी सांभाळला. नववा थेंब २०१४ मध्ये सुटला. म्हणजे पडतो तो थेंबच, फार सावकाश.

तर तो अतिशय घट्ट द्रव, इतका घट्ट की झटका दिला तर फुटतो, वेळ दिला तर वाहतो. डांबराला बर्फासारखा एक ठरावीक द्रवणांक नाही. बर्फ शून्य अंशाला वितळतो, आधी नाही अन् नंतर नाही. डांबर मात्र गरम होईल तसं हळूहळू मऊ होत जातं, अमुक अंशाला ते वितळलं असं बोट ठेवता येत नाही. काच तापवली तर तीही अशीच मऊ होत जाते, पण थंड काच नरसाळ्यात ठेवली तर थेंब कधीच पडणार नाही, ती स्थायूच. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांची काच खाली वाहून जाड झाली असं काही जण सांगतात, ते खरं नाही. जुनी तावदानं मुळातच एकसारखी जाड नसायची.

सातवीच्या परीक्षेत डांबर विचारणार नाहीत. विचारलंच तर "घट्ट द्रव" लिहावं अन् कारण द्यावं.

अन् भाऊ, तुकडा फोडायचा तर हाच थंडीतला घ्या. रस्त्याचं काम चालू असताना तिला जवळ जाऊ देऊ नका. मशीनमधून पडतं ते डांबर दीडशे अंशांच्या आसपास असतं, अन् अंगाला चिकटलं की निघत नाही.

पऱ्हाटीवाला

समजलं गुरुजी. रविवारी हिंगणघाटले चाललो, टेप घेऊन. प्रेसवाले भाऊ, सकाळी दहापर्यंत पोचतो.

प्रेसवाला_हिंगणघाट

या. पण पोरीची ओढणी घरी ठेवा, अन् केस घट्ट बांधून आणा. मशीनजवळ सैल काही चालत नाही.